मानस

न्यायमूर्ती विदर्भाकडचे असावेत.
चष्मा काढून त्यांनी विचारलं,
मानस म्हणजे इच्छा ना?
मी म्हटलं, नाही. दार.
खाजण आणि नदी यांच्यामधलं लाकडी दार.
माझ्या वडिलांनी चोडणच्या बांधावर
एकतीस वर्षं तेच राखलं.

वकीलबाईंनी कोपराने खुणावलं:
विचारतील तेवढंच.

तेवढंच सांगायचं तर
सगुण वळवईकर, वय एक्क्याऐंशी,
बांबोळी, अतिदक्षता, खाट नऊ,
आज सव्विसावा दिवस.
मुद्रांकावरचं इच्छापत्र तीन वर्षांपूर्वीचं.
साक्षीदार शेजारचा आंतोन
आणि औषधवाली लोचन,
जिने पेन हातात धरून विचारलं होतं, बाबा, खरंच?
आणि ते म्हणाले होते,
सुकती लागली मगीर दार धरून रावचें न्हय, बाये.

एक प्रत पंचायतीच्या कपाटात.
कपाटाची किल्ली माझ्या भावाकडे.

उमाकांत सरपंच. त्याला
जिल्हा पंचायतीचं तिकीट हवं होतं.
आमदारांनी अधीक्षकांना फोन केला,
माझ्या मतदारसंघात असलं काही नको.
मग स्वतःच आले,
बेशुद्ध माणसासाठी शहाळं घेऊन.
छापून आलेल्या फोटोत बाबांचा एक पाय होता.
विरोधकांनी पत्रकार परिषद घेतली,
तळमळीने बोलले,
बाबांचं नाव दोनदा चुकले.
देवळात कौल लावला गेला.
आंतोनने इगर्जीत मेणबत्ती पेटवली,
कशासाठी ते सांगितलं नाही.

याचिका भावाची, प्रतिवादी मी.
पर्वरीला जायला दोघांना एकच फेरीबोट.
तो गाडीत काच वर करून,
मी कठड्याला धरून.
रायबंदरचा धक्का येईपर्यंत
तेवढी सात मिनिटं आम्ही एका घरातले.

तारीख. पुढची तारीख.
सरकारी वकिलांना अभिप्रायासाठी मुदत.
तोवर यंत्र मिनिटाला चौदा श्वास घेत होतं
बाबांच्या नावावर.

हे दार उघडायचं कोण? न्यायमूर्तींनी विचारलं.
मी म्हटलं, कुणीच नाही.
भरतीला ते पाण्याच्या जोराने मिटतं,
सुकतीला आपसूक उघडतं.
बाबा फक्त मध्ये अडकलेला
ओंडका, चिंधी, प्लास्टिक काढायचे.

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.
निकालात ते नव्हतं.
निकालात कलमं होती,
दोन वैद्यकीय मंडळं, दंडाधिकाऱ्यांना कळवणं,
आणि शेवटच्या पानावर, याचिका फेटाळली.

शुक्रवारी संध्याकाळी नळी काढली.
डॉक्टर मेनेझिस म्हणाल्या, फार तर अर्धा तास.
बाबा रात्रभर आपल्या श्वासाने राहिले,
खरखरीत, वेडावाकडा, पण स्वतःचा.

साडेअकराला उमाकांत आला,
कार्यकर्ते खाली ठेवून.
खिशातला फोन थरथरत होता,
तो काढून त्याने उशाशी पालथा घातला.
बाबांच्या पायांशी बसला.
मी माझा राग चाचपून पाहिला,
होता जागेवर.

खूप वेळाने तो म्हणाला,
मी आठ वर्षांचा असताना
मानशीत माझा पाय अडकला होता. आठवतं?
भरती चढत होती.
आंतोन पहार घेऊन येईपर्यंत
यांनी दार पाठीवर धरलं होतं.
नाक तेवढं पाण्याबाहेर.
दार धरायचं नसतं, तर तेव्हा का धरलं?

मला उत्तर आलं नाही.
अजूनही आलेलं नाही.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी.
खिडकीबाहेर बांबोळीचं पठार,
तिथून मांडवी दिसत नाही.
मोबाइलवर सुकतीची वेळ पाहायचा
मोह झाला.
पाहिली नाही.